सात जण, दोन दिवस आणि थीम पार्क: सगळ्यांनी एकाच रांगेत उभं राहायचं का?

रानजाई

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात आम्ही सात जण थीम पार्कला चाललोय. शनिवार-रविवार, मधली रात्र पार्कजवळच मुक्काम. सगळे एका वर्गातले, सगळ्यांची चाळिशी उलटलेली, मुलंबाळं कुणाचीच बरोबर नाहीत. नुसती तारीख जुळायला पाच महिने लागले, त्यामुळे हे दोन दिवस मला वाया जाऊ द्यायचे नाहीत.

तीन वर्षांपूर्वी आम्ही असेच एका दिवसासाठी गेलो होतो. तेव्हा ठरवलं होतं, जिथे जायचं तिथे सगळ्यांनी मिळून जायचं. मग ज्या राइडला तिघं उत्सुक आणि तिघं नाखूश, तिथेही सहाच्या सहा जण तासभर रांगेत. सातवी मैत्रीण कुठल्याच वेगवान राइडमध्ये बसत नाही. ती म्हणाली, "तुम्ही जा, मी सामान सांभाळते." आम्ही सामान तिच्याकडे देऊन मोकळे झालो.

संध्याकाळी एका रांगेतून कंटाळून मी आधीच बाहेर आले. ती बाकावर बसली होती आणि मांडीवर सहा फोन ओळीने मांडलेले. त्यातला एक वाजत होता. तिने तो उचलला, आमच्या एका मित्राच्या आईला म्हणाली, "काकू, तो राइडमध्ये आहे, आला की लावायला सांगते," आणि फोन पुन्हा होता त्याच जागी ठेवला. दिवसभर तिने हेच केलं होतं. तक्रारीचा एक शब्दही बोलली नाही. परतीच्या वाटेवर आम्ही सगळे राइड्सबद्दल बोलत होतो आणि ती ऐकत होती. ते सहा फोन अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाहीत.

तर या वेळी मला नीट आखायचं आहे. आमच्यातले दोघं काहीही करायला तयार असतात. एकाला उंचीची भीती आहे. एकाची पाठ धरलेली आहे, मणक्याचं दुखणं, डॉक्टरांनी धक्के टाळायला सांगितलंय. एकीला गाडीतसुद्धा मळमळतं. एक ती, आणि एक मी. गट फोडायचा का? फोडला तर सगळ्यांनी भेटायचं कधी? रांगांचं काय करायचं? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

---

पायवाट

वाचतोय. आम्ही मित्र गेली काही वर्षं नेमाने असं जातो, म्हणून एक अनुभव सांगतो. मोठ्या माणसांनी एक पूर्ण दिवस करण्यापेक्षा दोन अर्धे दिवस करावेत. पहिल्या दिवशी जेवून दुपारी आत जा आणि पार्क बंद होईपर्यंत थांबा. दुसऱ्या दिवशी गेट उघडायच्या अर्धा तास आधी दारात हजर राहा आणि गर्दी चढली की बाहेर पडा. सकाळचा पहिला तास सोन्याचा असतो. लोक आत आल्याआल्या दाराजवळच्या पहिल्या राइडला चिकटतात. तुम्ही तडक सगळ्यात आतल्या टोकाला जा आणि मागून पुढे या.

आणि शनिवार-रविवारऐवजी रविवार-सोमवार जमत असेल तर एक रजा टाकाच. सोमवारची सकाळ वेगळीच असते.

---

गिअरबॉक्स

माझा जिव्हाळ्याचा विषय, त्यामुळे प्रतिसाद लांबेल.

रांग किती वेळ घेईल हे पाटीवर लिहिलेलं असतं, पण ते स्वतःला मोजता येतं. दोन गोष्टी पाहायच्या. गाडीत जागा किती, आणि एक गाडी सुटल्यावर दुसरी किती वेळाने सुटते. समजा २४ जागा आहेत आणि दर दीड मिनिटाला गाडी सुटते. म्हणजे तासाला ४० गाड्या, ९६० माणसं. आता रांगेच्या एका वळणात किती माणसं मावतात ते मोजा. चाळीस असतील आणि अशी सहा वळणं असतील, तर पुढे २४० माणसं. पंधरा मिनिटांत नंबर लागतो. पण त्याच रुळावर त्या दिवशी एकच गाडी चालू असेल आणि ती दर तीन मिनिटांनी सुटत असेल, तर तेवढ्याच रांगेला अर्धा तास. म्हणून रांगेची लांबी पाहून ठरवू नका, दोन गाड्या सुटेपर्यंत घड्याळ लावा. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये रांगांचा जो नियम गणिताने सिद्ध केला, त्याच्या मुळाशी हाच हिशोब आहे: रांगेतली माणसं म्हणजे येण्याचा वेग गुणिले थांबण्याचा वेळ.

दुसरं, तुम्ही सात आहात. बहुतेक रोलरकोस्टरमध्ये दोन-दोनच्या ओळी असतात, म्हणजे कुणीतरी एक कायम सुटा राहणार. तो सुटा कोण हे दर वेळी बदलत ठेवा. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण तीन राइड्समध्ये अनोळखी माणसाशेजारी बसलेल्याला दिवसाच्या शेवटी ते आठवतं. काही पार्कांत एकट्यांची वेगळी रांग असते, रिकाम्या राहिलेल्या एकेका जागेत त्यांना बसवतात. तुमच्या दोघा शूरवीरांना तिकडे पाठवा. त्यांना शेजारी शेजारी बसता येणार नाही, पण एका तासात दुप्पट राइड्स होतील.

तिसरं, पुढे बसावं की मागे? पुढच्या ओळीत दृश्य मिळतं आणि उतारापूर्वी क्षणभर लोंबकळल्यासारखं होतं. शेवटच्या ओळीत पोटात खड्डा जास्त पडतो. कारण गाडीचा निम्मा भार माथ्यापलीकडे गेला की ती वेग घ्यायला लागते, आणि शेवटचा डबा माथ्यावर येतो तेव्हा तो अक्षरशः ओढून खाली नेला जातो. ज्यांना हळूहळू सुरुवात करायची आहे त्यांनी मधल्या ओळी धराव्यात.

---

रानजाई

@गिअरबॉक्स, सुट्या माणसाचा मुद्दा माझ्या कधी लक्षातच आला नव्हता. गेल्या वेळी आम्ही सहा होतो रांगेत, तीन जोड्या. आता कळतंय की ती सातवी नव्हती म्हणून आमचं सगळं बसण्याचं गणित जुळलं होतं.

---

नाडीपरीक्षा

पेशाने डॉक्टर आहे. इथे तपासणी होऊ शकत नाही, त्यामुळे सर्वसाधारण तेवढं सांगते.

पाठीचं दुखणं असलेल्या मित्राने रोलरकोस्टर, एकदम खाली सोडणारे मनोरे आणि एकमेकांवर आदळणाऱ्या छोट्या गाड्या, तिन्ही टाळावं. लोक पहिली दोन टाळतात आणि तिसरीत हसत बसतात. तिथला धक्का बाजूने किंवा मागून, तयारी नसताना येतो, आणि मान-पाठीला तोच वाईट. उंच राइडच्या दाराशी जी पाटी असते (रक्तदाब, हृदयविकार, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, गर्भारपण, मान आणि पाठ) ती चाळिशीनंतर खरोखर वाचायची असते. गोळ्या चालू असतील तर जाण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांशी एकदा बोलून घ्या.

मळमळीचं कारण सोपं आहे. आतल्या कानातला तोल सांभाळणारा भाग एक सांगतो आणि डोळे दुसरंच सांगतात, मेंदूचा गोंधळ उडतो. म्हणूनच पडद्यासमोर बसवून हलवणाऱ्या राइड्स अशा लोकांना उघड्या रोलरकोस्टरपेक्षाही जास्त त्रास देतात. तिथे डोळ्यांना वेग दिसतो आणि शरीर जवळपास जागच्या जागी असतं. तसं वाटायला लागलं तर पडद्यावरची नजर काढून खुर्चीच्या पाठीकडे किंवा स्थिर वस्तूकडे पाहा. गोल गोल फिरणाऱ्या राइड्स शेवटी ठेवा. गोळी घेणार असाल तर ती मळमळ सुरू होण्याआधी घ्यायची असते, आणि बहुतेक गोळ्यांनी झोप येते, त्यामुळे परतताना गाडी त्यांनी चालवू नये. उपाशीपोटीही जाऊ नये आणि तुडुंब जेवूनही.

बसल्यावर डोकं मागच्या आधाराला टेकवून ठेवा. गळ्यात मोकळं लटकणारं काही नको, मोकळे केस नकोत, विशेषतः जमिनीलगत पळणाऱ्या उघड्या गाड्यांत.

---

कडेलोट

उंचीची भीती असलेल्या मित्राबद्दल लिहिते, कारण मलाही तीच भीती आहे.

माझ्या मैत्रिणींनी मला एकदा अशीच समजूत घालून बसवलं होतं. "काही होत नाही गं", "डोळे मिटून घे", "एकदाच". प्रेमानेच म्हणत होत्या. छातीवरचा हार्नेस खटकन बसला आणि मला कळलं की आता माझ्या हातात काही उरलं नाही. वर चढताना साखळीचा खट खट खट आवाज येत होता आणि मी प्रत्येक खटक्याला मोजत होते. उतरल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला खूप एकटं वाटलं त्या टाळ्यांत. त्यानंतर दोन वर्षं मी कुठल्याही सहलीला हो म्हटलं नाही, आणि कारण कुणाला सांगितलंही नाही.

त्यामुळे माझी कळकळीची विनंती, त्याला आग्रह करू नका. "बघ, विचार बदलला तर ये" हेही दर तासाला म्हणू नका, तोही आग्रहच असतो. आणि त्याला रांगेत शेवटपर्यंत येऊ द्या. जवळपास सगळीकडे गाडीपाशी पोचल्यावरही बाजूने बाहेर पडता येतं. तिथून तो परत फिरला तर त्यावर कुणी काही बोलायचं नाही, चांगलंही नाही आणि वाईटही नाही.

---

गिअरबॉक्स

@कडेलोट, तुम्ही मोजत होतात तो खट खट आवाज तुम्हाला धरून ठेवणाऱ्या यंत्रणेचा होता. चढावर रुळाच्या मधोमध दातेरी पट्टी असते आणि गाडीखाली खुंटी. साखळी तुटली तरी गाडी मागे घसरू नये म्हणून ती खुंटी एकेका दातावरून सरकत अडकत जाते.

भीती माहितीने जाते असं मी म्हणणार नाही, पण कुणाला उपयोग झाला तर होऊ दे. रोलरकोस्टरच्या डब्याला तीन प्रकारची चाकं असतात: रुळावर चालणारी, रुळाच्या बाजूला टेकणारी आणि रुळाच्या खालून पकडणारी. खालच्या चाकांचं पेटंट जॉन मिलर यांचं, १९१९ चं. त्यांच्यामुळे गाडी रुळाला तिन्ही बाजूंनी धरून असते, माथ्यावरून उडू शकत नाही. दुसरं म्हणजे सगळा मार्ग टप्प्यांत विभागलेला असतो आणि एका टप्प्यात एका वेळी एकच गाडी असू शकते. पुढचा टप्पा मोकळा झाला नसेल तर मागची गाडी आपोआप थांबते. त्यामुळे गाडी चढावर मध्येच थांबली तर बहुतेक वेळा त्याचा अर्थ सुरक्षा यंत्रणेने आपलं काम केलं असा असतो. आणि आजकाल अनेक ठिकाणी शेवटचे ब्रेक चुंबकांचे असतात. त्यांना वीज लागत नाही. वीज गेली तरी गाडी मंदावतेच.

उलटं फिरवणारं वळण पूर्ण गोल का नसतं, थेंबासारखं का असतं, हेही सांगतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला ही वळणं पूर्ण गोल असायची आणि आत शिरतानाच्या झटक्याने लोकांच्या माना धरायच्या. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॅजिक माउंटन पार्कमध्ये (आताचं सिक्स फ्लॅग्ज मॅजिक माउंटन) 'रेव्होल्यूशन' हा रोलरकोस्टर सुरू झाला. त्यात अभियंता व्हेर्नर श्टेंगेल यांनी खाली पसरट आणि वर आवळलेला आकार वापरला. तिथून हा आकार रूढ झाला.

---

जुनीपानं

मोठ्या माणसांनी मुलांशिवाय पार्कात जायचं म्हटलं की काही जणांना उगीच संकोच वाटतो. या जागा मुळात मोठ्यांसाठीच होत्या हे त्यांना सांगा. डेन्मार्कमधलं बाकेन १५८३ पासून आहे. लोक तिथल्या झऱ्याच्या पाण्यासाठी यायचे आणि त्यांच्याभोवती करमणूक जमत गेली. कोपनहेगनचं तिवोली १८४३ चं. तिथला लाकडी रोलरकोस्टर १९१४ पासून चालू आहे आणि आजही प्रत्येक गाडीबरोबर एक ब्रेक लावणारा माणूस बसतो.

घसरगुंडीची कल्पना रशियातली, तिथे हिवाळ्यात लाकडी चौकटीवर बर्फाचे उंच उतार बांधत. म्हणून फ्रेंच लोक रोलरकोस्टरला 'रशियन डोंगर' म्हणतात. आणि रशियन लोक त्यालाच 'अमेरिकन डोंगर' म्हणतात. अमेरिकेत १८८४ मध्ये कोनी आयलंडला ला मार्कस थॉम्पसनने पहिली गाजलेली गाडी चालवली. पाच सेंट तिकीट, ताशी दहा किलोमीटरच्या आसपास वेग, आणि बसायचं आडवं, बाजूच्या दृश्याकडे तोंड करून. म्हणजे वेगापेक्षा बघण्याला महत्त्व होतं. तुमच्या त्या सातव्या मैत्रिणीला हे नक्की सांगा.

आणि एक व्यावहारिक गोष्टही इतिहासातूनच. १७ जुलै १९५५ ला डिस्नीलँड उघडलं तेव्हा खोट्या निमंत्रणांमुळे अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त लोक आत शिरले. कडक ऊन होतं, ताज्या डांबरात बायकांच्या टाचा रुतल्या आणि नळकारागिरांच्या संपामुळे प्यायच्या पाण्याचे नळ अपुरे पडले. चपला आणि पाणी, दोन्ही घरून नीट घेऊन निघा. नवे बूट अजिबात नकोत.

---

काटकोन

सगळ्यांशी थोडा असहमत आहे.

रांग चुकवायची, रांग मोजायची, गट फोडायचा, हे सगळं ठीक. पण पाच महिने तारीख शोधून सात माणसं एकत्र आली ती राइड्ससाठी आली का? राइड दोन मिनिटांची असते. त्यात बोलता येत नाही. बोलणं होतं ते रांगेत. तिथे कुणाला उठून जाता येत नाही, फोन खिशात असतो, समोर काही काम नसतं. मोठेपणी मित्रांना असा एक सलग तास दुसरीकडे कुठे मिळतो? घरी भेटलो तर कुणी ना कुणी स्वयंपाकघरात असतं. माझ्या भावासारख्या मित्राशी झालेलं माझं भांडण अशाच एका रांगेत मिटलं, सव्वा तासाच्या. राइड कुठली होती ते आठवत नाही.

रांगांच्या मानसशास्त्रावर डेव्हिड मेस्टर यांचं १९८५ चं लेखन प्रसिद्ध आहे. रिकामा वेळ भरलेल्या वेळापेक्षा मोठा वाटतो, किती थांबायचं हे माहीत नसलं की थांबणं लांबतं, आणि एकट्याने थांबणं गटाने थांबण्यापेक्षा जड जातं. यातला शेवटचा मुद्दा महत्त्वाचा. तुमची मैत्रीण दिवसभर थांबलीच होती. फक्त एकटी थांबली होती.

तर माझं म्हणणं, गट फोडा, पण दोन दिवसांत एक लांब रांग मुद्दाम सगळ्यांनी मिळून धरा. जिच्या शेवटी सातही जण बसू शकतील अशी संथ राइड निवडा.

---

रानजाई

@काटकोन, "फक्त एकटी थांबली होती" हे वाक्य वाचून मी थोडा वेळ काही टाइप करू शकले नाही. धन्यवाद. हा धागा मी तिला पाठवतेय. तिच्याबद्दल तिच्या माघारी एवढं बोलणं बरोबर नाही.

---

हिशोबवही

एक नाजूक मुद्दा राहिला. पैसे देऊन रांग चुकवायचा पास घ्यायचा की नाही हे निघण्याआधी ठरवा, आणि ठरवताना ज्याच्याकडे सगळ्यात कमी पैसे आहेत त्याच्या सोयीने ठरवा. पार्कात उभं राहून "घेऊया का?" विचारलं की नाही म्हणणं कुणालाच जमत नाही. डिस्नीने १९९९ मध्ये वेळ राखून ठेवायची पद्धत आणली तेव्हा ती सगळ्यांना फुकट होती, आता बहुतेक ठिकाणी वेगळे पैसे पडतात. चौघांनी घेतला आणि तिघांनी नाही, असं झालं तर गट तिथेच तुटतो.

---

पायवाट

+१. लॉकरचे पैसे मात्र सगळ्यांनी मिळून द्याच. सामान माणसाच्या मांडीवर नको.

---

रानजाई

मंडळी, जाऊन आलो. सविस्तर लिहिते, कारण इथल्या प्रत्येकाचं काही ना काही आम्ही वापरलं.

शनिवारी दुपारी आत गेलो. सगळ्यात आधी लॉकर. फोन, बॅगा, पाण्याच्या जादा बाटल्या, सगळं आत. मैत्रिणीने धागा पूर्ण वाचला होता. ती लॉकरचं दार लावताना फक्त एवढंच म्हणाली, "मला वाटलं होतं तुमच्या कुणाच्या लक्षात आलं नाही." मग घड्याळ मनोऱ्याखाली साडेचारला आणि सातला भेटायचं ठरवून आम्ही पांगलो.

ती आणि पाठदुखीवाला मित्र दोघं फिरत राहिले. साडेचारला भेटलो तेव्हा तिच्या हातात चिठोरं होतं. मोठ्या रोलरकोस्टरसमोर उभं राहून तिने गाड्या मोजल्या होत्या. म्हणाली, "पाटीवर पंचेचाळीस मिनिटं लिहिलंय. चोवीस जागा आहेत, पावणेदोन मिनिटांनी गाडी सुटते, पुढे तीनशेच्या आसपास माणसं आहेत. बावीस मिनिटं लागतील." आम्ही गेलो. चोवीस मिनिटांत बसलो. परत आल्यावर तिने वेळ विचारला आणि चिठोऱ्यावर लिहून घेतला. हे काम तिला आम्ही दिलेलं नव्हतं. उलट मी म्हटलंसुद्धा, "तू पुन्हा आमच्यासाठी राबतेयस का?" तर म्हणाली, "मला मजा येतेय, मोजू दे."

उंचीची भीती असलेला मित्र त्याच राइडच्या गाडीपर्यंत आला, क्षणभर उभा राहिला आणि बाजूने बाहेर पडला. कुणी काही बोललं नाही. @कडेलोट, मी मुद्दाम त्याच्याकडे पाहिलंही नाही. रात्री जेवताना तो स्वतःच म्हणाला की कुणी काही बोललं नाही हे सगळ्यात छान झालं.

संध्याकाळी एक वाईट प्रसंग झाला. आमचे दोघं बसलेली गाडी चढावर मधोमध थांबली. वीस-बावीस मिनिटं. पार्कने ध्वनिक्षेपकावरून काहीही सांगितलं नाही, खाली उभ्या असलेल्या कर्मचाऱ्यालाही माहिती नव्हती, आणि त्याचा मला अजून राग आहे. गाडी थांबवणं बरोबर असेल, पण वरच्या आणि खालच्या माणसांना दोन वाक्यं सांगायला काय हरकत होती? आमच्याजवळ एक बाई रडकुंडीला आल्या होत्या, त्यांचा नवरा वर होता. आमच्या या मैत्रिणीने त्यांना बाकावर बसवलं आणि टप्प्यांचं सगळं समजावून सांगितलं. पुढचा टप्पा मोकळा नसेल, म्हणून थांबवली असेल, दातेरी पट्टी आहे, मागे येणार नाही. शेवटी कर्मचारी जिन्याने वर गेले, थोड्या वेळाने गाडी पुन्हा चालू झाली.

मग @काटकोन यांची रांग. अंधाऱ्या बोगद्यातून होडीने नेणारी संथ राइड होती, सातही जणांना चालणारी. पन्नास मिनिटं उभे होतो. अर्धी रांग हसण्या-खिदळण्यात गेली. नंतर पाठदुखीवाला मित्र एकदम म्हणाला की त्याची नोकरी गेली आहे. चार महिने झाले. आमच्या ग्रुपवर रोज सकाळी शुभप्रभात लिहिणारा माणूस, आणि त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. रांग पुढे सरकत होती आणि आम्ही त्याच्याभोवती गोल करून तसेच सरकत होतो. मागच्या लोकांनी दोनदा "पुढे चला" म्हटलं. होडीत बसलो तेव्हा तो मधे होता. आत काय काय होतं ते मला फारसं आठवत नाही.

रविवारी सकाळी गेट उघडायच्या आधी हजर होतो, तडक आतल्या टोकाला गेलो आणि सव्वा तासात चार राइड्स झाल्या. मळमळणारी मैत्रीण त्यातल्या दोन राइड्सना मधल्या ओळीत बसली, गोळी आधी घेऊन. पडद्याच्या राइडकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही.

---

कडेलोट

वाचताना डोळे भरून आले. एकच विचारते, तुमची मैत्रीण शेवटी कुठल्या राइडमध्ये बसली का?

---

गिअरबॉक्स

दोन मिनिटांचा फरक! तीनशे माणसं अंदाजाने मोजून एवढं जवळ येणं सोपं नाही. त्यांना माझा नमस्कार सांगा.

---

रानजाई

@गिअरबॉक्स, सांगितला. ती तुमचा पहिला प्रतिसाद छापून बरोबर घेऊन आली होती.

@कडेलोट, मोठ्या राइडमध्ये नाही बसली. कुणी विचारलंही नाही. पण रविवारी निघायच्या आधी ती म्हणाली, "आता मी सांगेन तिथे सगळ्यांनी यायचं." लाकडी घोड्यांचं गोल चक्र होतं, जुन्या पद्धतीचं, घोडे वर-खाली होणारे. सातही जण बसलो. पाठवाल्या मित्रासाठी न हलणारा रथ होता, तो त्यात बसला. तिने मात्र सगळ्यात बाहेरचा घोडा घेतला, कारण फेरी तेवढ्याच वेळात होत असली तरी बाहेरच्या घोड्याला अंतर जास्त कापावं लागतं, म्हणून वेग तिथे जास्त असतो. हे तिने आम्हाला बसायच्या आधी सांगितलं.

सामान लॉकरमधून काढलेलं होतं, त्यामुळे फोन सगळ्यांच्या खिशात. दुसऱ्या का तिसऱ्या फेरीला कुणाचा तरी फोन वाजायला लागला. सवयीने आम्ही सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती पुढच्या घोड्यावर होती, दोन्ही हातांनी दांडा धरलेला, केस घट्ट बांधलेले. मागे न वळता म्हणाली, "ज्याचा असेल त्याने उचला." आणि तिचा घोडा वर गेला.